पाळी जायला आली म्हणजे

मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. निपाणीच्या गल्लीत दुपारी बायका ओट्यावर विड्या वळत बसतात. हात चालू, तोंडही चालू. डिसेंबर महिना आहे, बाकीच्या जणी उन्हाकडं सरकल्यात, आणि एकीच्या मानेवरून मात्र घाम निथळतोय. ती पदरानं तोंड पुसते, परत पुसते.

"आक्का, पाळी जायला आली बघ तुझी," शेजारीण म्हणते. "महिना महिना अंगावरून जातंय म्हणतीस. पिशवी काढून टाक आणि सूट."

हा सल्ला निपाणीत मिळतो, चिकोडीत मिळतो, खानापूरच्या भातशेतीतही मिळतो. देणारी मायेनंच देते. पण त्याआधी शरीरात काय चाललंय ते कळायला हवं.

आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ती अचानक थांबत नाही. त्याआधीची चार-पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त, शरीर बदलत असतं. अंडाशयातली बीजं संपत येतात. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतच नाही, आणि मग प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन तयार होत नाही. दुसरा हार्मोन, इस्ट्रोजेन, कधी चढतो, कधी उतरतो. त्याच्या जोरावर गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं. म्हणून पाळी दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की गाठी पडतात, आठ-दहा दिवस थांबत नाही.

इस्ट्रोजेन खाली आलं की मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जरा कुठं उष्णता वाढली की छातीपासून डोक्यापर्यंत भडका उठतो. रात्री तीनला चादर भिजते, झोप मोडते. सकाळी सहाला डबे करायचे असतात. मग चिडचिड होते, विसरायला होतं, सांधे धरतात, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच बदलला. स्वभाव नाही बदलला. बाई कितीतरी रात्री झोपलेली नाही.

घरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडलेले असतात, गॅसच्या टाकीची तारीख असते. त्याच चौकोनात पाळी आली तो दिवस आणि थांबली तो दिवस लिहावा. फार गेलं तर फुली मारावी. चार महिन्यांची ती पानं डॉक्टरपुढं ठेवली की अर्धं काम होतं. दवाखान्यातली भाषा कन्नड असो की मराठी, तारखा सगळ्यांना वाचता येतात.

सात दिवसांच्या वर जात असेल, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर अंगावर काढू नये. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी. आठ-नऊवर आलेली बाई जिना चढताना धापा टाकते आणि वय झालं म्हणून गप्प बसते. तिला लोहाची गोळी हवी असते.

आता पिशवीचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे तिघींची पिशवी काढलेली आढळली. निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं, जास्त रक्तस्राव किंवा दुखणं. कॅन्सर असेल, पिशवीतल्या मोठ्या गाठी (फायब्रॉईड) औषधाला दाद देत नसतील, तर ऑपरेशन करावंच लागतं. पण रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉन आहे, कॉपर-टीसारखं दिसणारं हार्मोनचं साधन आहे, आणि अनेकींचं त्यावर भागतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याचे नियम लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सगळ्या राज्यांना बजावलंय.

भडके सोसवत नसतील तर हार्मोनचे उपचारही असतात. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बहुतेक निरोगी बायकांना त्यांचा फायदा धोक्यापेक्षा जास्त. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झाली असेल, तर मात्र नाही. ठरवायचं डॉक्टरांनी, तपासून.

नाचणीची भाकरी आपल्या घरात आहेच, कॅल्शियमसाठी ती उत्तम. तीळ, ताक, पालेभाजी खावी. रोज चालावं. शेतातलं काम होतं म्हणून व्यायाम नको, असं नाही. हाडांना उभं राहून, वजन पेलून चालणं लागतं. मिश्री सोडावी. पाळी चुकते म्हणून दिवस राहणार नाहीत असंही समजू नये, अजून राहू शकतात.

आणि पाळी सलग १२ महिने न येता पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक थेंब, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

कर्नाटकातल्या बायकांना राज्यात साध्या सरकारी बसचा प्रवास जून २०२३ पासून फुकट आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जायला तिकिटाची अडचण नाही. जाताना जुने कागद न्यावेत. ऑपरेशन सांगितलं तर विचारावं: डॉक्टर, आधी गोळ्यांनी भागेल का? अस्तर तपासलं का? अंडाशय ठेवणार ना?