पाणी, वजरी, तेल आणि आमचा ग्रुप

नमस्कार श्रोतेहो. मी वडोदऱ्याचीच, दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, आणि आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे तो मला स्वतःला होऊन गेलाय. कुष्ठरोग. इथे गुजरातीत रक्तपित्त म्हणतात. औषध पूर्ण केलं, बरी झाले, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं वाकडं राहिलंय तेवढंच, आणि रेडिओवर ते दिसत नाही हा रेडिओचा एक फायदाच म्हणायचा.

आधी आजाराचं पटकन सांगून टाकते कारण ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं. हा जंतूमुळे होतो, पाप-शाप काही नाही, १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी तो जंतू शोधून काढला. तो इतका संथ वाढतो की लागण झाल्यावर चट्टा दिसायला सरासरी ५ वर्षं जातात, कधीकधी २० पण, त्यामुळे कोणाकडून आला हे शोधत बसण्यात काहीच अर्थ नाही, तरी घरोघरी तेच शोधतात आणि बहुतेक वेळा खापर सुनेवर फुटतं. १०० पैकी साधारण ९५ लोकांना तो होतच नाही, त्यांच्या अंगात मुळातच प्रतिकारशक्ती असते. १९८१ पासून एमडीटी म्हणून एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देतात, सरकारी दवाखान्यात एकदम फ्री, कोणाला ६ महिने कोणाला १२ महिने, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागायची भीती जवळजवळ संपते. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशाने जाहीर केलं की आता १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी पेशंट उरलेत, आणि लोकांनी ऐकलं की संपला. संपला नाहीये. जगात दरवर्षी जे नवीन पेशंट सापडतात त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच देशात सापडतात, आणि आपल्या दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तर तो आहेच.

आता मला जे बोलायचंय ते. हा जंतू नसांवर हल्ला करतो आणि त्याने अंग बधिर होतं. गोळी जंतू मारते, पण मेलेली नस परत जिवंत करत नाही. बधिरपणा नवीन असेल, म्हणजे साधारण ६ महिन्यांच्या आतला, तर स्टिरॉइड देऊन बरंचसं वाचवता येतं, पण उशीर झाला की हात किंवा पाऊल जन्मभर बधिर राहतं. मग खिळा घुसला तरी कळत नाही, तवा लागला तरी कळत नाही, फोड येतो, जखम होते, जखमेत जंतू जातात, हाड सडतं. बोटं झडतात असं लोक म्हणतात ना, ती अशी जातात, आजार ती खात नाही. म्हणजे खरी लढाई औषध संपल्यावर सुरू होते आणि ती रोजची असते, घरातली असते, तिथे डॉक्टर नसतात.

तिथे आमचा ग्रुप असतो. सेल्फ केअर ग्रुप म्हणतात त्याला. एका वस्तीत ओट्यावर आम्ही महिन्यातून एकदा जमतो, प्रत्येकाची घमेली किंवा टब, साधं पाणी, गरम अजिबात नाही कारण गरम किती हे आपल्या पायाला कळत नाही, वीसेक मिनिटं पाय बुडवून गप्पा मारायच्या, मग वजरीने घट्टे हळूहळू घासायचे, आणि पाय न पुसता ओल्यावरच खोबरेल लावायचं म्हणजे पाणी आत राहतं. मग आरसा घेऊन तळवा बघायचा. आणि हेच सगळं घरी रोज करायचं. बस, एवढंच काम आहे, आणि हे एवढंच काम सांगायला जगात कागद, पोस्टर, फ्लिप चार्ट किती छापलेत विचारू नका. पोस्टर वाचून कोणी रोज पाय बुडवत नाही हो. आमच्यातले एक काका, पूर्वी चहाची लारी चालवायचे, ते नवीन माणूस आला की आधी स्वतःची चप्पल काढतात, तळव्यावरची जुनी जखमेची खूण दाखवतात आणि सांगतात, ही भरायला दीड वर्ष गेलं, तुझी ही छोटी आहे, दोन महिन्यात भरेल पण चालणं कमी कर. तो माणूस ऐकतो. तेच वाक्य मास्क लावलेल्या, टेबलापलीकडच्या माणसाने सांगितलं असतं तर मान डोलावून घरी गेला असता.

आणि काही गोष्टी आहेत त्या टेबलापलीकडे कधी पोचतच नाहीत. रात्री झोपेत उंदीर पाय कुरतडतात आणि सकाळी रक्त बघून कळतं, हे कोण कोणाला सांगणार? लाज वाटते. आमच्यात सांगतात, कारण समोरच्याला पण झालेलं असतं. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, वाकड्या बोटांची ऑपरेशनं त्यांनीच तिथे १९४८ च्या सुमारास सुरू केली, ते म्हणे घरी जाणाऱ्या पेशंटला मांजर द्यायचे. आमच्यात दोघींनी मांजर पाळलीय आणि ती दोघींच्या औषधापेक्षा जास्त दूध पिते अशी तक्रार असते, असो.

गोळ्यांचं पण तसंच. त्या पाकिटात क्लोफाझिमिन नावाची गोळी असते, तिने कातडी काळपट पडते, विशेषतः चेहरा. तरण्या मुली इथेच औषध सोडतात. मी त्यांना माझे दोन फोटो दाखवते, एक औषध चालू असतानाचा हळदीकुंकवाचा ज्यात मी कोळसा दिसतेय आणि सगळ्यांना ऊन लागलं म्हणून सांगत होते, आणि दुसरा औषध संपल्यावर वर्षाने भाचीच्या लग्नातला. बेन, रंग परत येतो, हात नाही येणार. एवढं बोलते आणि गप्प बसते.

चपलांचा किस्सा तर ऐकाच. बधिर पायाला मऊ एमसीआर रबराची चप्पल लागते, सरकारकडून फ्री मिळते, पण ती दिसायला अशी असते की गल्लीत पाऊल टाकलं की लोक ओळखतात, म्हणून बायका ती पिशवीत ठेवून प्लास्टिकच्या स्लिपर घालून बाहेर पडतात आणि जखमा करून घेतात. ऑफिसातले म्हणतात पेशंट बेफिकीर आहेत. आमच्यातल्या एकीने तेच रबर मोच्याकडे नेलं आणि वरून बाजारातल्या सँडलसारखे पट्टे लावून घेतले, तेव्हापासून घालतात. ही आयडिया ज्याला ती चप्पल घालून बाजारात जायचं असतं त्यालाच सुचते.

मग कागदपत्रं. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठत नाही, कारण बोटाची कातडीच गुळगुळीत झालीय, आणि दुकानदार मागे लाईन आहे म्हणून हाकलतो. डोळ्याच्या बुबुळावरून पण आधारची ओळख पटवता येते, हे माहीत असलेला माणूस सोबत लागतो, जो भांडत नाही पण हलत पण नाही. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं पण असंच, २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचं नाव स्पष्ट आहे, तरी खिडकीवर एकट्याने जायची हिंमत होत नाही. दोघं जातात तेव्हा होते.

कायद्याचं निघालंच आहे तर, १८९८ चा लेपर्स ॲक्ट, ज्यात पेशंटला पकडून डांबायची सोय होती, तो २०१६ मध्ये रद्द झाला. ओडिशातल्या एका नगरसेवकाचं पद कुष्ठरोग आहे म्हणून गेलं आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण ते योग्यच ठरवलं. कुष्ठरोग झाला म्हणून नवरा-बायकोला घटस्फोट मागता यायचा, ते कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढलं. २०१९, म्हणजे काल-परवा! आणि या बदलांसाठी आवाज उठवणाऱ्यांत आमच्यातलेच लोक होते. तमिळनाडूचे पी. के. गोपाल, त्यांना स्वतःला हा आजार झाला होता, त्यांनी पेशंटच्या संघटना बांधल्या, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. ब्राझीलमध्ये तर मोऱ्हान म्हणून संघटना १९८१ पासून आहे आणि ज्यांना जबरदस्तीने वसाहतीत कोंडलं होतं त्यांच्यासाठी २००७ मध्ये सरकारकडून भरपाईचा कायदा झाला त्यात तिचा मोठा वाटा.

आपल्याकडे आश्रमांची परंपरा मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. आनंदवन प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, तिथे पेशंटनी स्वतः विहिरी खणल्या, शेती केली. इथे नर्मदेकाठी अनसूयेच्या देवळाची माती लावून लोक बरे व्हायची आशा करायचे. आपल्या सिंधरोटला श्रममंदिर आहे. पण तो काळ घरातून बाहेर काढलेल्यांचा होता. आज गोळी आहे, तेव्हा माणसाने आपल्या घरी, आपल्या गल्लीतच राहायला पाहिजे, आणि गल्लीत टिकून राहायला मदत गल्लीतलाच माणूस करतो.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बोलणार आहे. मोठ्या मीटिंगमध्ये आम्हाला बोलावतात, हार घालतात, अनुभव सांगा म्हणतात, टाळ्या वाजतात, आणि मग बजेट ठरवायच्या वेळी आम्हाला चहाला पाठवतात. ग्रुप चालवणाऱ्या काकांना रिक्षाभाडं सुद्धा खिशातून जातं. सर्व्हेला येणाऱ्या सुपरवायझरला पगार, जीपवाल्याला पगार, आणि जो नवीन पेशंटला घरातून बाहेर काढून दवाखान्यात आणतो तो सेवाभावी! सेवाभाव आहेच, पण पोट पण आहे. जिथे पैसा ठरतो त्या टेबलावर आमच्यातली दोन माणसं बसवा, बघा चप्पल कशी बदलते.

श्रोत्यांपैकी कोणाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, त्यावर पीस फिरवलं, पेनाची टोपी टेकवली तरी कळत नसेल, तर गजकर्णाचं मलम चोळत बसू नका. मी वर्षभर चोळलं होतं, कारण मला तेच लिहून दिलं होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आशाबेनला, म्हणजे घरोघरी येणाऱ्या आरोग्यसेविकेला, दाखवा. घरात पेशंट सापडला तर बाकीच्यांना रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा एक डोस देतात, त्याने पुढे आजार व्हायची शक्यता बरीच कमी होते, तो नाही म्हणू नका.

आणि ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो, त्या दिवशी ब्लँकेट वाटायला यायचा विचार असेल तर आधी विचारून या. ब्लँकेटं आमच्याकडे पुष्कळ झालीयत. यंदा लांब दांड्याचे आरसे हवेत, लाकडी मुठीच्या सांडश्या हव्यात, आणि एमसीआर रबराचं काम करायला तयार असलेला एक मोची, कारण आमचा मोची भरूचला गेला. नमस्कार.