एएमएच कमी आला म्हणजे नेमके काय? आकडा, वय आणि गर्भधारणेची शक्यता

नमस्कार. मूल होऊ देण्याचा विचार नुकताच सुरू झालेला असतो, आरोग्य तपासणीच्या एखाद्या पॅकेजमध्ये एएमएच या, बीजकोशातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या संप्रेरकाची चाचणीही होऊन जाते, अहवालात ०.८ असा आकडा येतो आणि त्याच दिवसापासून घरात ‘अंडी संपत आली आहेत’ अशी कुजबुज सुरू होते. आज आपण या आकड्याविषयी बोलणार आहोत. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची आखणी करताना हा आकडा अतिशय उपयोगी पडतो. मात्र ज्या स्त्रीने नैसर्गिकरीत्या दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करायला आत्ताच सुरुवात केली आहे, तिला पुढच्या वर्षभरात गर्भ राहील की नाही, याचे उत्तर तो देऊ शकत नाही.

आधी तो येतो कुठून ते पाहू. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजकोशांत साधारण दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतील तीन ते चार लाख उरतात आणि पाळी कायमची थांबते तेव्हा जेमतेम हजारभर. आयुष्यभरात बीजकोशाबाहेर पडणारी बीजे सुमारे चारशे ते पाचशेच असतात. बाकीची आपोआप विरून जातात, आणि ही झीज गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही थांबत नाही. प्रत्येक बीज एका सूक्ष्म पुटिकेत असते. वाढीच्या सुरुवातीच्या टप्प्यातील लहान पुटिकांभोवतीच्या पेशी एएमएच हे संप्रेरक तयार करतात. अशा पुटिका जितक्या जास्त, तितके ते रक्तात जास्त. झोपलेला मूळ साठा त्यातून थेट मोजला जात नाही, त्याचा केवळ अंदाज येतो.

याच्या जोडीला आणखी दोन तपासण्या असतात. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत दोन ते दहा मिलिमीटरच्या पुटिका मोजतात, आणि त्याच सुमारास रक्तातील एफएसएच, म्हणजे पुटिका वाढवणारे संप्रेरक, पाहतात. साठा आटला की बीजकोशांना जागे करण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अधिक एफएसएच सोडते, म्हणून तो आकडा वाढतो. मात्र एफएसएच एका महिन्यात वाढलेला आणि पुढच्या महिन्यात नेहमीसारखा असू शकतो, शिवाय इस्ट्रोजेन वाढलेले असेल तर तो दबून खोटाच ‘नॉर्मल’ दिसतो. त्यामुळे सोबत इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) तपासल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढू नये. एएमएचसाठी पाळीच्या दिवसाचे बंधन नसते, आणि तो इतका लोकप्रिय होण्याचे हेही एक कारण आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २००८ ते २०१६ या काळात ३० ते ४४ वयोगटातील ७५० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्यांच्यापैकी कोणालाही वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता आणि गर्भधारणेचे प्रयत्न सुरू करून सर्वांना तीन महिने किंवा त्याहून कमी काळ झाला होता. ॲन स्टायनर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वय आणि इतर घटक हिशेबात धरल्यावर, ज्यांचा एएमएच ०.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी होता, त्यांना सहा मासिक चक्रांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, तर एएमएच नेहमीच्या पातळीत असलेल्या स्त्रियांत ती ६२ टक्के होती. बारा चक्रांनंतरचे आकडे अनुक्रमे ८४ आणि ७५ टक्के होते. हे वाचून कमी एएमएच फायद्याचा आहे असे कोणी समजू नये, कारण हे फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हते; दोन्ही गट व्यवहारात सारखेच ठरले. एफएसएच वाढलेल्या स्त्रियांतही तेच आढळले. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रीला तिच्या प्रजननक्षमतेविषयी सांगण्यासाठी एएमएचची एकेरी चाचणी वापरू नये.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात: त्यात गर्भधारणा मोजली गेली, बाळंतपण नव्हे, आणि वर्षानुवर्षे प्रयत्न करून थकलेल्या जोडप्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही.

असे का घडते? कणगी काठोकाठ भरलेली असो वा तळाला गेलेली, आजच्या भाकरीला पीठ तेवढेच लागते. तसे एका महिन्यात गर्भ राहण्यासाठी एकच बीज पुरे असते. ते बीज चांगले असणे मात्र आवश्यक असते, आणि त्याची गुणवत्ता मुख्यतः स्त्रीच्या वयावर अवलंबून असते. वय वाढते तसे बीजातील गुणसूत्रांची विभागणी चुकण्याचे प्रमाण वाढते. चाळिशीपर्यंत निम्म्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांचे दोष आढळतात, आणि त्यामुळे गर्भ न राहणे व गर्भपात या दोन्ही गोष्टी वाढतात. म्हणून सव्वीस वर्षांची, एएमएच ०.९ असलेली स्त्री आणि एकेचाळीस वर्षांची, एएमएच २.८ असलेली स्त्री यांच्यात नैसर्गिक गर्भधारणेची संधी साधारणपणे पहिलीला जास्त असते. अहवालावरील लाल अक्षरे नेमकी याच्या उलट भावना निर्माण करतात, हे मला गंभीर वाटते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात चित्र बदलते. तिथे इंजेक्शने देऊन एकाच चक्रात अनेक बीजे वाढवायची असतात, आणि किती बीजे हाती लागतील याचा अंदाज एएमएच आणि पुटिकांची संख्या चांगला देतात. औषधाची मात्रा त्यावर ठरते. आकडा कमी असेल तर बीजे कमी मिळतील, कदाचित एकापेक्षा अधिक वेळा प्रक्रिया करावी लागेल, आणि खर्च व वेळ यांचा हिशेब आधीच मांडता येतो. मात्र तयार झालेल्या एका भ्रूणातून मूल होण्याची शक्यता इथेही प्रामुख्याने वयावरच अवलंबून असते. केवळ एएमएचच्या आकड्यावरून तिशीतील स्त्रीला लगेच दात्या स्त्रीचे बीज घेण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

आकडा फार मोठा असणे ही देखील नेहमीच आनंदाची बातमी नसते. पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या विकारात, लहान पुटिका पुष्कळ असतात, त्यामुळे एएमएच ६, ८ किंवा त्याहूनही अधिक येऊ शकतो, पण बीज वेळेवर बाहेरच पडत नसल्याने गर्भ राहण्यास विलंब होतो. अशा स्त्रियांना इंजेक्शनांच्या काळात बीजकोश अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठीच एएमएच आधी माहीत असणे उपयोगाचे ठरते.

अहवाल हाती आल्यावर एकक पाहा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधील १ म्हणजे पिकोमोल प्रति लिटरमधील ७.१४, परदेशातील अहवालाशी आपला आकडा ताडून पाहताना इथे मोठा घोटाळा होतो. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उपकरणेही थोडे वेगळे आकडे देतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसतो आणि त्या थांबवल्यावर काही महिन्यांत पूर्वपदावर येतो. बीजकोशातील चॉकलेट सिस्टची (एंडोमेट्रिओसिसमुळे होणाऱ्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीची) शस्त्रक्रिया किंवा काही प्रकारची केमोथेरपी यांमुळे मात्र तो खरोखर घटू शकतो, म्हणून अशा उपचारांपूर्वी बीजे गोठवण्याविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. साठा वाढवण्याचे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. बीजकोशात पीआरपीचे (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या, प्लेटलेट्सनी समृद्ध द्रवाचे) इंजेक्शन देण्याचा जो प्रचार होतो, तो उपचार अद्याप प्रायोगिक आहे.

काही परिस्थितींत मात्र थांबू नये. चाळिशीच्या आत पाळी काही महिने चुकत असेल, अंगातून गरम वाफा येत असतील, किंवा आईची अथवा बहिणीची पाळी लवकर थांबली असेल, तर एफएसएचसह पूर्ण तपासणी करून घ्यावी. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास थांबते. त्यामुळे आपल्याकडे पस्तिशीनंतर निर्णय लांबवताना अधिक सावध राहणे योग्य ठरते. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणीला जावे. चाळिशी ओलांडली असेल तर वाट न पाहता. त्या पहिल्याच भेटीत नवऱ्याच्या वीर्याची तपासणी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत याची तपासणी मागून घ्यावी, कारण एएमएच कितीही उत्तम असला तरी बंद नलिका किंवा शुक्रजंतूंची कमतरता त्यात दिसत नाही.