उभी राहिलेली पद्मिनी चालू होत नाही? कार्ब्युरेटर राहू दे, आधी पॉइंट बघा

नमस्कार मंडळी. आज तोच विषय जो तुम्ही सगळ्यात जास्त विचारताय, "दादा, आजोबांची पद्मिनी आठ-दहा वर्षं उभी आहे, सेल्फ मारला की फिरते पण चालू होत नाही, काय करू?" मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, २० वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली, तेव्हापासून ज्याच्या घरी ताडपत्रीखाली एखादी उभी आहे त्याला ती बाहेर काढायचीये. मला याचा खरंच आनंद होतो. आपल्या कुर्ल्यात बनलेली गाडी, १०८९ सीसीचं साधं इंजिन, सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताने दुरुस्त होतं.

बेसिक पटकन सांगतो. बॅटरी चांगली घ्या, ऑइल बदला, रेडिएटरमध्ये पाणी बघा, उंदरांनी वायरी खाल्ल्यात का बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर ते कशातच वापरू नका. आणि सेल्फला हात लावायच्या आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढे-मागे हलवा. इंजिन मोकळं फिरलं तर पुढे चला, अडलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा आणि परत थांबा. ट्रॅक्टरला बांधून ओढून चालू करणारे व्हिडिओ मला पाठवता ना तुम्ही, कृपा करून तसं करू नका, पिस्टनची चिकटलेली रिंग त्या एका झटक्यात तुटते.

आता खरा मुद्दा. इंजिन फिरतंय पण पेटत नाही. अशा वेळी दहातले आठ जण थेट कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडतात. मीही तेच केलं होतं. सांगलीला मामांची १९८७ ची पद्मिनी पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं होती, मी कार्ब्युरेटर तीनदा साफ केला, किट टाकलं, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नवी आणली, प्लग नवे, दोन आठवडे गेले आणि गाडी काही खोकलीसुद्धा नाही. मग गल्लीतले एक म्हातारे फिटर काका आले, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, खिशातल्या लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला, पॉइंटच्या मध्ये घालून चार वेळा ओढला. पत्रिकेवर काळी रेघ आली. झाकण लावलं, सेल्फ मारला, आणि गाडी चालू. मामी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली होती आवाज ऐकून.

काय झालं होतं? पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके, ते मिटले की कॉइलमधून करंट जातो, उघडले की प्लगला ठिणगी पडते. गाडी रोज चालते तोवर ते आपोआप साफ राहतात. उभ्या गाडीत, त्यातून आपल्याकडचे पावसाळे, त्या ठिपक्यांवर ऑक्साइडचा पातळ थर येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पॉइंट मिटलेले दिसतात, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पट्टीने, गॅपही बरोबर येतो, पण करंट जातच नाही. म्हणून "मी पॉइंट बघितले, ठीक आहेत" असं लिहिता तेव्हा मला समाधान होत नाही. बघून कळत नाही, मोजावं लागतं.

(इथे कॅमेरा कॉइलवर)

मोजायला एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, बास. एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते, दुसरी वायर इंजिनच्या बॉडीला. चावी ऑन, मित्राला सेल्फ मारायला सांगा. बल्ब मिचमिचला तर पॉइंट काम करतायत, मग पुढे झाकण, त्याच्या आत फिरणारा रोटर, प्लगला जाणाऱ्या जाड हाय टेन्शन वायरी, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बघा. बल्ब नुसताच पेटून राहिला, मिचमिचलाच नाही, तर बहुतेक वेळा तोच थर, नाहीतर डिस्ट्रिब्युटरला जाणारी वायर तुटलीये. आणि पेटलाच नाही तर कॉइलला सप्लाय येत नाही, कॉइल आतून तुटलीये, किंवा पॉइंट उघडतच नाहीत, कारण कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, घासणारी त्यांची फायबरची टाच झिजली की गॅप संपतो.

मीटर असेल तर त्याच टर्मिनलवर लावा. पॉइंट मिटलेले असताना जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. एक-दोन व्होल्ट दिसले तरी थर आहे असं समजा. आणि हे करताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते.

एका भावाने लिहिलं होतं, "दादा, नवेच पॉइंट टाकले, तरी करंट नाही." अरे, नव्या पॉइंटवर गंज धरू नये म्हणून कंपनी तेलकट लेप लावते! पाकिटातून काढले की कापडाला थोडं पेट्रोल लावून पुसा, मग कोरडा कार्ड-पेपर ओढा. जुने खूप खड्डे पडलेले असतील तर पॉइंटची फाइल वापरा, पॉलिश पेपर नको, त्याचे कण ठिपक्यात रुततात आणि आठवड्यात परत तोच ताप. कॅमला ग्रीस लावा पण नखाएवढंच, जास्त झालं तर ते उडून परत पॉइंटवरच बसतं.

ठिणगी नीट आली की मगच पेट्रोल. लगेच टाकी जोडू नका, आत गंज असतो. बाजूला डब्यात लिटरभर ताजं पेट्रोल घ्या, नवा पाइप घ्या आणि थेट पंपाला द्या. आताचं पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं, म्हणून पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालेल असाच घ्या. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये जातं. डिपस्टिक काढून वास घ्या, लेव्हल वाढलेली वाटली तर चालू करू नका. आणि हे सगळं उघड्यावर करा, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

चालू झाल्यावर एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कमी आलं तर लगेच हेड उघडायची घाई नको. सिलेंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर दोष रिंगचा, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्हचा. अडकलेल्या रिंगा थोडी गाडी चालवल्यावर बऱ्याचदा आपोआप मोकळ्या होतात.

आणि एक विनंती. "चालू होत नाही" एवढंच लिहिलंत तर मला काहीच सांगता येत नाही. बल्ब मिचमिचला, नुसता पेटून राहिला, की पेटलाच नाही, ते लिहा, मग मी त्यावरून पुढचं सांगतो.