मोठ्या कुत्र्याशी खेळताना

‘कुत्रा ४० किलोचा आहे, घरभर धिंगाणा घालतो, त्याला दमवायचं कसं?’ आज आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या अशाच आहेत. माझं म्हणणं असं, की दमवण्याचा विचारच आधी सोडून द्या. रोज पळवलेला कुत्रा दमत नाही, तो तंदुरुस्त होतो. महिन्याभरात तुम्ही धापा टाकत असता आणि तो ‘पुढे काय?’ म्हणून तुमच्याकडे बघत असतो. त्याचे पाय आपल्यापेक्षा चांगले आहेत. ती शर्यत आपण हरणारच.

शिवाय वजनदार कुत्र्याला धावणं तितकंसं स्वस्त पडत नाही. चेंडू फेकला की तो सुसाट जातो, करकचून थांबतो आणि जागच्या जागी वळतो. त्या एका वळणात सगळा भार खांद्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. पन्नास वेळा चेंडू फेकला तर पन्नास वेळा. पिल्लांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत पक्की होत नाही, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींत त्याहून उशिरा. पिल्लू आठव्या महिन्यात केवढंही थोराड दिसो, त्याला हवेत उंच उडी मारायला लावू नका. गुळगुळीत फरशीवर तर पळवूच नका.

मग खेळायचं काय? नाकाचे खेळ. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. लांब नाकाच्या मोठ्या कुत्र्यांत त्या २० कोटींच्या पुढे मानल्या जातात. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून, म्हणजे समोरून येणारा वास उडून जात नाही. एवढी यंत्रणा घेऊन तो प्राणी आपल्या दिवाणखान्यात पडून असतो आणि आपण त्याला चेंडू दाखवतो!

‘शोध’ हा खेळ असा सुरू करा. त्याला बसवा, त्याच्या देखत जमिनीवर खाऊ ठेवा, ‘शोध’ म्हणा आणि सोडा. पहिले काही दिवस इतकं सोपंच हवं, कारण सापडतं हा विश्वास आधी बसायला हवा. मग खाऊ खुर्चीच्या पायामागे, मग गुंडाळलेल्या टॉवेलच्या घडीत, मग रिकाम्या खोक्यांपैकी एकात. पुढे त्याला बाहेर थांबवून दुसऱ्या खोलीत लपवा. इथे एक गंमत दिसेल. कुत्रा खाऊच्या शेजारून पुढे निघून जातो, एकदम मान वळवतो आणि परत येतो. वास वाऱ्याच्या झुळकीबरोबर सरकलेला असतो, तो त्याच्या मागावर असतो. आपल्याला वाटतं याला दिसत कसं नाही, आणि आपण बोट दाखवतो. कृपा करून बोट दाखवू नका. दोनदा दाखवलंत की तो शोधणं बंद करून तुमच्या हाताकडे बघायला लागतो. खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातलाच बाजूला काढा. वजन वाढलं तर ते सांध्यांनाच सोसावं लागतं. म्हातारा, लंगडा, अगदी आंधळा कुत्राही हा खेळ मजेत खेळतो.

आता रस्सीखेच. ‘ओढाओढी केली की कुत्रा डोक्यावर बसतो’, हे तुम्ही ऐकलं असेल. २००२ साली ब्रिटनमध्ये १४ गोल्डन रिट्रीव्हरांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कधी कुत्र्यांना जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकलेले कुत्रे शिरजोर झाल्याचं काही दिसलं नाही; उलट खेळानंतर ते माणसाकडे जास्त लक्ष देत होते. तेव्हा जिंकू द्या बिनधास्त. जिंकलेला कुत्रा दोरी घेऊन पळून न जाता तुमच्याच मांडीवर आणून आपटतो, ‘पुन्हा!’ म्हणून.

पण या खेळात खरं शिकवायचं असतं ते सोडणं. दोरी लांब आणि जाड घ्या, म्हणजे दात आणि बोटं यांच्यात अंतर राहील. डावी-उजवीकडे ओढा; वर-खाली हिसके दिले की मानेला बसतात. दात बदलत असलेल्या पिल्लाशी अगदी हलक्या हाताने. आता ‘सोड’ म्हणा आणि आपला हात मांडीला टेकवून मढ्यासारखा निपचित ठेवा. निर्जीव दोरी ओढण्यात मजा नसते. तो सोडतो. सोडल्याक्षणी ‘घे!’ म्हणा आणि खेळ पुन्हा सुरू करा. बहुतेक जण इथेच घोटाळा करतात: सोडलं की दोरी कपाटात ठेवून देतात. पुढच्या वेळी तो शहाणा जीव सोडेल कशाला? सोडल्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा खेळायला मिळणं.

गुरगुरला तर घाबरू नका, अंगाकडे बघा. अंग सैल, मागचा भाग वर, पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, तर ते खेळाचं आमंत्रण. अंग ताठ आणि डोळे रोखलेले असतील तर तिथेच थांबा.

वस्तूंची नावं शिकवण्याचा खेळही करून बघा. रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला २०० च्या वर वस्तू नावाने ओळखता येत, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. पुढे चेसर नावाच्या कुत्रीने १,०२२ खेळण्यांपर्यंत मजल मारली. तुमच्या रॉटवायलरला ‘बूट’ आणि ‘दोरी’ यांतला फरक कळला तरी संध्याकाळ मजेत जाईल.

काही गोष्टी मात्र नकोत. लेझरचा ठिपका नको; तो कधीच तोंडात येत नाही आणि काही कुत्रे मग उजेड-सावल्यांचा ध्यास घेतात. काटकी फेकू नका, टोक घशात घुसतं. लहान चेंडू मोठ्या जबड्यात सहज मागे सरकतो आणि श्वास अडवतो. भरपेट जेवणानंतर दांडगाई तर अजिबात नको: खोल छातीच्या मोठ्या जातींत पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो. पोट टम्म झालं, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर वाट न बघता व्हेटकडे न्या. उन्हातही खेळ नको. त्याचं अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं.

शेवटची चिठ्ठी मुलांबद्दलची आहे. लहान मुलांनी रस्सीखेच आणि पाठलाग खेळू नये. मोठ्या कुत्र्याचा खेळातला धक्काही मुलाला आडवं करतो. लपाछपी मात्र उत्तम. मूल लपेपर्यंत मोठ्या माणसाने कुत्र्याला धरून ठेवायचं, मग मुलाने एकदाच हाक मारायची. सापडल्यावर खाऊ हातातून न देता मुलाने तो जमिनीवर टाकायचा, म्हणजे कुत्रा अंगावर झेपावण्याऐवजी मान खाली घालतो.