कूस बदलली आणि घर फिरलं

पहाटेचे साडेपाच. गजर बंद करायला उजव्या कुशीवर वळलं, आणि बंद असलेला छताचा पंखा गरगरा फिरायला लागला. पंख्याबरोबर छत, छताबरोबर खोली. पलंगाची कड घट्ट धरली. अर्ध्या मिनिटात सगळं जागच्या जागी आलं. डोकं उचलून बसायला जावं, तर पुन्हा तेच.

असं वर्णन ऐकलं की कानाचे जाणते डॉक्टर आधी दोन गोष्टी विचारतात. गरगरणं किती वेळ टिकलं? आणि तेव्हा काय करत होता? उत्तर ‘मिनिटभराच्या आत’ आणि ‘कूस बदलताना, मान वर करून फळीवरचा डबा काढताना’ असं आलं, तर निदान अर्धंअधिक झालं: बीपीपीव्ही, कानातून उठणारी चक्कर. मेनिएर या कानाच्याच दुसऱ्या आजारात चक्कर 20 मिनिटांपासून 12 तासांपर्यंत चालते. सोबत कानाला दडा बसतो, आवाज येतो, ऐकू कमी येतं. बीपीपीव्हीत ऐकण्याला धक्का लागत नाही. झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्तदाब घसरल्यामुळे. अंथरुणात पडल्या पडल्या कूस बदलताना रक्तदाब घसरत नाही.

तरीही आपल्याकडे पेशंट येतो तो बहुधा मानेचा एक्स-रे हातात घेऊन. पन्नाशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. मग दोष मानेवर जातो, पट्टा लागतो, गोळ्या सुरू होतात. हा आजार पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआपही ओसरतो. श्रेय मात्र पट्ट्याला मिळतं.

आजाराचं पूर्ण नाव लांबलचक आहे: बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की अचानक येणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर. दवाखान्यात सगळे बीपीपीव्ही म्हणतात.

आंतरकर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. आतली पोकळी जेमतेम 0.3 मिलिमीटर रुंद, द्रवानं भरलेली. या नलिका जिथून निघतात त्या पिशवीत, युट्रिकलमध्ये, कॅल्साइटचे सूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. संगमरवर बनतो तेच हे कॅल्साइट. एकेक खडा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. वयानं, डोक्याला मार लागल्यानं किंवा काही कारण न सापडताही हे खडे सुटतात आणि नलिकेत शिरतात. दहातल्या आठ-नऊ पेशंटमध्ये मागच्या नलिकेत, कारण झोपलं काय किंवा बसलं काय, तीच सगळ्यांत खाली असते. डोकं वळलं की खडे घरंगळतात, द्रव ओढला जातो आणि मेंदूला निरोप पोहोचतो: आपण गिरक्या घेतोय.

हे सगळं बाहेरून दिसतं. कानात नाही, डोळ्यांत.

(पडद्यावर: तपासणीचं टेबल)

पेशंट टेबलावर पाय लांब करून बसला आहे. उजवा कान तपासायचाय, म्हणून मान 45 अंश उजवीकडे वळवली. आता त्याला झपकन मागे निजवायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली 20 ते 30 अंश लोंबतं ठेवायचं, तपासणाऱ्याच्या हातांत. आपल्या ओपीडीतली टेबलं भिंतीला टेकवलेली असतात, डोकं लोंबवायला जागाच नसते. अशा वेळी खांद्याखाली उशी घ्यायची. डोकं आपोआप मागे झुकतं. घरची गादीही चालते.

आता बुबुळाकडे बघा. एक सेकंद, दोन, तीन. काही नाही. घाईतला डॉक्टर इथेच ‘टेस्ट निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो. पण खडे सरकायला लागेपर्यंत काही सेकंद जातात. आणि हे सुरू झालं: डोळा कपाळाच्या दिशेनं हिसके देतोय आणि त्याच वेळी बुबुळाचा वरचा भाग जमिनीकडच्या, म्हणजे उजव्या कानाकडे पिळल्यासारखा फिरतोय. याला निस्टॅगमस म्हणतात. जोर वाढतो, मग उतरतो, मिनिटाच्या आत थांबतो. उठवून बसवलं की तेच हिसके उलट्या दिशेनं. पेशंट घाबरून डोळे मिटतो, त्यामुळे ‘घेरी येईल, पण डोळे उघडे ठेवा’ हे आधी सांगावं लागतं, प्रसंगी पापणी बोटानं धरावी लागते.

ही चाचणी 1952 साली लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलमधून मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी मांडली. त्याआधी 1921 मध्ये रॉबर्ट बारानी यांनी अशाच एका पेशंटचं वर्णन करून संशय कानातल्या खड्यांवर घेतला होता. पण खडे नेमके कुठे? 1969 मध्ये हॅरल्ड शुकनेक्ट यांना मृत पेशंटच्या कानात मागच्या नलिकेतल्या, द्रवाबरोबर वाकणाऱ्या पडद्याला चिकटलेला साका दिसला. तर्क चांगला, पण तो पुरता जुळेना. खडे पडद्याला घट्ट चिकटलेले असतील, तर डोकं खाली आहे तोवर गरगरणं थांबायला नको. ते तर मिनिटभरात थांबतं. म्हणजे खडे मोकळे असावेत. आणि मोकळे असतील तर आत आले तसे बाहेरही काढता येतील.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एपली यांनी नेमकं हेच धरलं. 1980 पासून ते सांगत होते की डोकं ठरावीक क्रमानं फिरवा, खडे नलिकेतून परत पिशवीत पडतील. लोकांनी थट्टा केली. त्यांचा सविस्तर लेख छापून यायला 1992 उजाडलं. डोकं फिरवून चक्कर जाते, हे ऐकायला जादूटोण्यासारखंच वाटतं म्हणा.

(पडद्यावर: उजव्या कानासाठी एपलीची क्रिया)

पहिली स्थिती आपण पाहिलेली: मान उजवीकडे, डोकं लोंबतं. हिसके थांबेपर्यंत थांबायचं आणि वर आणखी 30 सेकंद. दुसरी: डोकं तसंच लोंबतं ठेवून मान 90 अंश डावीकडे. पुन्हा थांबा. तिसरी: पेशंट डाव्या खांद्यावर वळतो आणि डोकं आणखी 90 अंश फिरून नाक जमिनीकडे. इथे परत डोळा बघायचा. हिसके पहिल्यासारख्याच दिशेनं आले तर खडे दाराकडे निघालेत. उलट आले तर माघारी घसरलेत. चौथी: हनुवटी छातीकडे घेऊन डाव्या बाजूनं पाय खाली सोडत उठून बसायचं. उठताना पेशंटला सोडू नका. कधी कधी शेवटच्या क्षणी जोराचा झोक जातो.

बिघडतं कुठे? दुसऱ्या स्थितीत डोकं नकळत वर उचललं जातं, तिथे बहुतेकदा. नलिकेचा उतार जातो, खडे अडतात. दुसरी चूक घाईची: दहा सेकंदांत पुढची स्थिती. तिसरी म्हणजे बाजूच चुकवणं. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून घरी करणारे व्हिडिओतल्या माणसाचा कान सोडवतात, स्वतःचा नाही. क्वचित खडे बाहेर न पडता शेजारच्या आडव्या नलिकेत शिरतात. मग हिसके आडवे येतात आणि उपायही बदलतो.

कान चुकला तर उपयोग होत नाही, हे एका संशोधनात फार हुशारीनं वापरलं गेलं. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. डोकं फिरवण्याची खोटी आवृत्ती कुठून आणायची? बर्लिनमधल्या संशोधकांनी एका गटाला खरी एपली दिली आणि दुसऱ्या गटाला हुबेहूब तीच, पण निरोगी कानाच्या बाजूनं. पेशंटला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्यालाही कोणाला काय मिळालं ते माहीत नव्हतं. 2006 साली छापलेला निकाल असा: खऱ्या एपलीनंतर 24 तासांनी 35 पैकी 28 जण मोकळे, खोट्या क्रियेनंतर 31 पैकी 3.

क्रियेनंतर दोन दिवस बसून झोपा, मान हलवू नका, असं पूर्वी सांगत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शिकेनं हा नियम मोडीत काढला. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही सरसकट नकोत असं ती सांगते. खडा गोळीनं हलत नाही, आणि वयस्कर माणूस गुंगीत पडण्याची भीती मात्र वाढते.

आजार परत येतो, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. खडे कॅल्शियमचे म्हटल्यावर ड जीवनसत्त्वाकडे लक्ष जाणारच. कोरियातल्या आठ रुग्णालयांत झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तात ड मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेल्यांना वर्षभर दिवसातून दोनदा 400 युनिट ड आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. पुनरावृत्तीचं प्रमाण 24 टक्क्यांनी घटलं. चमत्कार नाही, पण रक्त तपासून घेण्याएवढं कारण नक्की आहे.

काही डोळे मात्र वेगळे वागतात. निजवल्याबरोबर क्षणही न थांबता हिसके, तेही सरळ हनुवटीकडे, आणि तशाच स्थितीत ठेवलं तरी न थांबणारे. किंवा चक्करेसोबत एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं. तिथे डोकं फिरवत बसायचं नाही. पेशंटला तडक मोठ्या रुग्णालयात हलवायचं.

बाकी सगळ्यांची थोड्या वेळानं चाचणी पुन्हा करायची. तीच बाजू, तोच कोन. डोळा स्थिर राहिला तर काम झालं. नाही राहिला तर एपली आणखी एकदा. आणि केसपेपरवर नुसतं ‘व्हर्टिगो’ लिहून भागत नाही. कान उजवा की डावा, नलिका कोणती, हिसके किती सेकंदांनी सुरू झाले, किती टिकले, हे लिहायचं. तरीही वर्षभरानं तोच पेशंट परत आला, तर जुना कागद बघून थेट उजवीकडून सुरुवात करू नका. दोन्ही बाजू तपासा. या खेपेला खडे डाव्या कानातले असू शकतात.