बांगड्याचा डोळा आणि रात्रीचा उजेड

(दृश्य: मालवणचा किनारा, पहाट. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, दोन्ही दोर ओढणारी माणसं.)

जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावरच राहिलं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेतलं आणि दुसरं टोक पुन्हा वाळूवर आणून दिलं. आता माणसांच्या दोन रांगा रापण ओढत जवळजवळ सरकतायत. जाळं आवळत आलं की आतलं पाणी उसळू लागतं. बांगडा आहे. एकटा सहसा मिळत नाही, थव्यानेच येतो.

(दृश्य: हातातला बांगडा, जवळून.)

पाठ निळसर हिरवी, पोट चंदेरी. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला पाठ पाण्यात हरवते, खालून येणाऱ्या सुरमईला पोट उजेडात हरवतं. पाठीवर दोन पर आहेत. दुसऱ्याच्या मागे शेपटीपर्यंत पाच सुटे, इवलेसे पर, आणि खालच्या अंगालाही तसेच पाच. सतत पोहणाऱ्या माशाची ही ठेवण.

(दृश्य: तोंड उघडलेलं, मग कल्ल्याचं झाकण उचललेलं.)

तोंडात डोकावलं की कल्ल्यांच्या कमानींवर लांब, दाट दाते दिसतात. तोंड उघडं ठेवून पोहताना पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, या चाळणीत अडकतं. कमानींच्या बाहेरच्या अंगाला लालभडक पाती आहेत, दर बाजूला चार कमानी. पाणी पात्यांवरून एका दिशेने वाहतं, आतलं रक्त उलट दिशेने. त्यामुळे पात्याच्या शेवटच्या टोकापर्यंत रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. याची गरज मोठी आहे, कारण तेवढ्याच हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे तिसावा हिस्साच असतो. बाहेर काढलेला मासा हवेत का गुदमरतो? पाण्याचा आधार गेला की ही पाती एकमेकींना चिकटतात आणि ऑक्सिजन घेणारा पृष्ठभागच उरत नाही. बाजारात कल्ला उचलून बघतात तोही याच पात्यांसाठी: तांबडी असली तर मासा ताजा, तपकिरी आणि चिकट झाली तर शिळा.

(दृश्य: सुरीचं टोक कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीकडे.)

ही पार्श्वरेषा. रेषेवर बारीक छिद्रं आहेत, त्यांच्या आत नळी आणि नळीत केसाळ संवेदी पेशी. शेजारच्या माशाने शेपूट हलवली की पाणी दबतं, पेशींवरचे केस वाकतात. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेथ या थंड समुद्रातल्या माशांचे डोळे काही काळ झाकले, तरी ते थव्याबरोबर पोहत राहिले. डोळे झाकून पार्श्वरेषेच्या नसाही तोडल्या, तेव्हा मात्र त्यांना थव्यात राहणं जमलं नाही.

(दृश्य: चिमट्याच्या टोकावर पांढरा खडा.)

माशाला बाहेरचा कान नसतो. आतल्या कानात चुन्याचे खडे असतात, दर बाजूला तीन. आवाजही त्यांनीच कळतो आणि तोलही. छोट्या माशाच्या खड्यावरची वलयं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्याचं वय दिवसांत सांगता येतं.

डोळ्याच्या पुढे दर बाजूला दोन नाकपुड्या आहेत. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. घशाशी त्यांचा संबंध नाही, त्या फक्त वासासाठी.

(दृश्य: डोळा, पूर्ण पडदाभर.)

आता डोळा. त्याच्या पुढच्या-मागच्या कडेवर चरबीचा पारदर्शक पडदा आहे. तो पापणीसारखा मिटत नाही. आत भिंग पूर्ण गोल, गोटीएवढं टणक. पाण्यात बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागावर प्रकाश फारसा वाकत नाही, म्हणून सगळं काम भिंगालाच करावं लागतं. जवळचं-लांबचं पाहायला माणसाचं भिंग फुगतं-चपटं होतं. माशाचं भिंग आहे त्याच आकारात मागे-पुढे सरकतं.

माणसाची बाहुली प्रखर उजेडात क्षणात बारीक होते. बहुतेक माशांची होत नाही. त्यांचा बदल डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावरच्या पेशींत घडतो. दिवसा मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी काळ्या रंगद्रव्याआड सरकतात आणि भरपूर उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी पुढे येतात. अंधार पडला की दंडपेशी पुन्हा उघड्या होतात. ही सरकासरक सावकाश चालते, अनेकदा अर्ध्या तासाहून अधिक. संध्याकाळ आणि पहाट हळूहळू होते, तोवर डोळा तयार होतो. झटक्यात लागणाऱ्या दिव्यासाठी त्याच्याकडे काहीच सोय नाही.

(दृश्य: रात्र. क्षितिजावर पांढऱ्या दिव्यांची रांग.)

हे एलईडी दिवे, जनित्रावर चालणारे. काही बोटीच्या कडेला टांगलेले, काही पाण्यात सोडलेले. उजेडाकडे आधी प्लवक आणि बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, मग बांगडा. अंधाराला सरावलेले त्याचे डोळे दिपलेले असतात. भोवतीने पर्ससीन जाळं फिरतं, तळाचा दोर आवळला जातो आणि पिल्लांसकट सगळा थवा वर येतो. थवा बाहेरच उचलला गेला की किनाऱ्यावरच्या रापणीत वाटा कसला?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. दिवा पाण्यावर असो की पाण्याखाली, जनित्र असो वा नसो. जाळं बोटीमागे ओढायचं ट्रॉलचं असो, पर्ससीन असो की माशाला कल्ल्यात अडकवणारं गिलनेट. आदेशात सगळं आहे. पडद्यावरचे दिवे त्यानंतरचे आहेत.