दोन वशिंडांचे दोन उंट

मंडळी, लडाखच्या नुब्रा खोऱ्यात हुंदरच्या वाळूवर दोन वशिंडांच्या उंटावर बसून काढलेला फोटो आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत सापडेल. फोटोखाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘नामशेष होत चाललेला दुर्मीळ उंट’. ह्या एका ओळीत दोन वेगळ्या प्राण्यांची गल्लत झालेली आहे. ती आधी सोडवू या, कारण संवर्धनाचा सगळा प्रश्न तिथेच अडकतो.

नुब्रातला उंट पाळीव आहे. शास्त्रीय नाव कॅमेलस बॅक्ट्रियानस. मंगोलिया, चीन, कझाकस्तान, रशियातला काल्मिकिया असा त्याचा पसारा, आणि संख्या लाखांत. अति-संकटग्रस्त आहे तो दुसरा, कॅमेलस फेरस, म्हणजे रानउंट. १८७८ साली रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं बरेच जण असंच समजत राहिले की हे पाळीव कळपांतून सुटून रानात गेलेले उंट असावेत. जनुकांच्या अभ्यासाने ते खोटं ठरवलं. ह्या दोघांचे वंश साधारण ७ ते ११ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि माणसाने उंट पाळला तो फार तर पाच-सहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे रानउंट हा पाळीव उंटाचा पूर्वज नाही. पाळीव उंटाचा खरा रानटी पूर्वज केव्हाच संपला. उरला आहे तो त्याचा चुलतभाऊ.

दोघे शेजारी उभे केले तर फरक डोळ्यांना दिसतो. पाळीव उंट रुंद, भरदार आणि दाट लोकरीचा. गळ्याखाली आणि मांड्यांवर लोकरीच्या झुली लोंबतात, वशिंडं मोठी असतात आणि बऱ्याचदा एका बाजूला कललेली. रानउंट सडपातळ. पाय लांब आणि बारीक, अंगावरचे केस आखूड, रंग वाळूसारखा. वशिंडं लहान, शंकूसारखी टोकदार, आणि दोघांत अंतर जास्त. कवटी चपटी असते, आणि मंगोल पशुपालक त्याला ‘हव्तगाई’ म्हणतात ते ह्या चपट्या डोक्यावरूनच. पण पहिल्या पिढीतला संकर समोर आला तर मुरलेला पशुपालकही फसतो. तिथे केसांच्या मुळांतून किंवा लेंड्यांतून डीएनए तपासण्यावाचून इलाज नसतो.

रानउंट आज चार ठिकाणी तग धरून आहेत. तीन चीनमध्ये: तकलामकानचं वाळवंट, लोप नूर ह्या आटलेल्या सरोवराजवळचा गशुन गोबी आणि अल्तुन पर्वताचा उत्तर पायथा. चौथं मंगोलियात, ‘ग्रेट गोबी ए’ हे कडक संरक्षित क्षेत्र. ते १९७५ साली घोषित झालं आणि जवळजवळ ४४,००० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे, म्हणजे महाराष्ट्राचा सातवा हिस्सा. चारही ठिकाणचे मिळून सुमारे हजारच उंट. त्यातही मधल्या सरहद्दीवर कुंपण आहे, त्यामुळे दोन्ही देशांतल्या कळपांत नवं रक्त फारसं खेळत नाही.

लोप नूरची गोष्ट विलक्षण आहे. १९६४ ते १९९६ चीनने तिथे अणुचाचण्या केल्या. ह्या काळात सगळा परिसर माणसांना बंद होता, आणि शिकारी, मेंढपाळ, सोनं शोधणारे कोणीच आत न शिरल्यामुळे रानउंट वाचले. चाचण्या थांबल्या आणि वाटा मोकळ्या झाल्या. मागोमाग बेकायदा खाणी आल्या. सोनं वेगळं करायला सायनाइड वापरतात, आणि ते झऱ्याच्या आसपास झिरपलं की त्या पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर धोक्यात येतं. ब्रिटिश प्रवासी जॉन हेअर यांनी १९९७ मध्ये रानउंटांसाठी प्रतिष्ठान उभं केलं आणि लोप नूर राखीव व्हावं म्हणून चीन सरकारचा पिच्छा पुरवला. ते राखीव क्षेत्र झालं, ही ह्या साऱ्या प्रयत्नांतली मोठी मिळकत.

पाणी हा ह्या प्राण्याच्या जगण्याचा कणा आहे. लोप नूर भागात गोडं पाणी जवळपास नाहीच. जमिनीतून झिरपणारं जे पाणी आहे ते समुद्राच्या पाण्याहूनही खारट, आणि रानउंट ते पितो. पाळीव उंट त्याला सहसा तोंड लावत नाही. हिवाळ्यात बर्फ खाऊन भागतं, पण एका वेळी थोडाच, कारण पोटात गेलेला बर्फ वितळवायला अंगातली ऊब खर्ची पडते. वशिंडात पाणी नसतं, चरबी असते, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण ती पाठीवरच का साठते? अंगभर पसरली असती तर उन्हाळ्यात शरीरातली उष्णता बाहेर पडायला अडथळा झाला असता. गोबीत थंडी उणे ४० अंशांपर्यंत उतरते आणि उन्हाळा अधिक ४० पर्यंत चढतो, म्हणून ही सोय.

आता झरे आटू लागले आहेत. दहा पाणवठ्यांवर विखुरणारे उंट दोन पाणवठ्यांवर येऊ लागले की लांडग्याला शोधायचं काही उरत नाही. तो तिथेच दबा धरतो आणि पिल्लू उचलतो. आणि पिल्लू गेलं की भरून यायला वेळ लागतो. उंटिणीचा गाभणकाळ सुमारे १३ महिन्यांचा, वीण मार्च-एप्रिलच्या सुमारास, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन वितांत साधारण दोन वर्षांचं अंतर. पहिलं वेतच मुळी चार-पाच वर्षांची झाल्यावर. उंटांचा आकडा लवकर का वाढत नाही, ते ह्या हिशोबातच आहे. मंगोलियात झाखिन-उस इथे एका नैसर्गिक झऱ्याजवळ कुंपणात रानउंटांची पैदास चालते. हिवाळ्यात गवत पुरवायचं, माजावर आलेल्या नरांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, आणि कोणाची वीण कोणापासून झाली ह्याची नोंद ठेवायची. नोंद चुकली तर आठ-दहा जनावरांच्या कळपात भावंडांचीच जोडी लागते.

माझ्या मते मात्र लांडग्यापेक्षा मोठा धोका संकराचा आहे. दोन्ही जातींची गुणसूत्रं ७४च आहेत, संकरित पिल्लू धडधाकट निपजतं आणि पुढे त्यालाही पिल्लं होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा माजाचा काळ. तेव्हा राखीव क्षेत्राच्या कडेला पाळीव कळप चरत असेल तर रानातला नर सरळ त्यात घुसतो, नाहीतर पाळीव मादी कळप सोडून रानात जाते. गोळी घातलेला उंट मोजता येतो. रक्तात मिसळून हरवलेला मोजता येत नाही, कळपाचा आकडा तर उलट वाढलेला दिसतो. म्हणून तिथे खरं काम रक्षकांचं. माजाआधीच पाळीव कळप सीमेपासून लांब हलवायचे, पशुपालकांना दुसरीकडे चराई आणि पाणी मिळवून द्यायचं, आणि संकर दिसला तर बाहेर काढायचा. पशुपालकाला दुसरं पाणी दिलं नाही तर तो परत तिथेच येणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पाळीव उंटाचं दुखणं नेमकं उलटं आहे. त्याला माणसापासून लांब ठेवून भागत नाही. काम असेल तरच तो टिकतो. मंगोलियात १९५०च्या दशकात आठ लाखांवर असलेले उंट ह्या शतकाच्या सुरुवातीला अडीच-तीन लाखांवर आले, कारण ट्रक आले आणि सहकारी संस्था मोडल्या. नंतर लोकर आणि दुधाला भाव आला तसे ते पुन्हा वाढले. त्याच्या जाती पुष्कळ आहेत: काल्मिक सर्वांत थोराड, मंगोलियात गल्बा गोबीचा तांबडा, चीनमध्ये अलाशान आणि सुनित. लोकर साधारण ५ किलो निघते, नराची जास्त. वसंतात ती आपोआप सुटायला लागते आणि हाताने ओढून काढतात. घाई केली तर उशिरा येणारं एखादं बर्फाचं वादळ उघड्या जनावराला मारतं, म्हणून पाठीवरची लोकर सर्वांत शेवटी.

लडाखात हा उंट आला तो यारकंदच्या, म्हणजे आजच्या पश्चिम चीनमधल्या शहराच्या, व्यापारामुळे. लेहहून खारदुंग ला, नुब्रा, सासेर ला आणि काराकोरम खिंड अशी ती वाट. १९५०च्या सुमारास सरहद्द बंद झाली आणि काफिल्यांचे उंट अलीकडेच राहिले. आजची जनावरं, काही शेकडाच, त्या मूठभर उंटांची प्रजा. त्यानंतर बाहेरून रक्त आलंच नाही म्हटलं तरी चालेल. एकाच गावातला एकच वळू वर्षानुवर्षं वापरला की दुबळी पिल्लं आणि रिकामी राहणाऱ्या माद्या हे ठरलेलं. हुंदर, दिस्कित, सुमूर अशा गावांनी आपसांत वळू बदलायचे आणि प्रत्येक जनावराची वंशनोंद ठेवायची, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लष्करासाठी लेहच्या संरक्षण संशोधन संस्थेने ह्या उंटांवर दीडशे किलोहून जास्त ओझं लादून उंचावर चाचण्या घेतल्या आहेत. माझ्या दृष्टीने ही चांगली खबर, कारण हिवाळ्यात काम मिळालं तर मालक जनावर विकणार नाही.

हिवाळा म्हणतो आहे त्याला कारण आहे. जुने काफिलेवाले शरदात उंट बाहेर काढत आणि उन्हाळ्यात त्याला नुसतं चरायला सोडत. वसंतात लोकर झडते, वशिंडं रिकामी होऊन लोंबतात, आणि उघड्या कातडीवर खोगीर घासलं की जखम होते, त्यात अळ्या पडतात. उन्हाळाभर चरून चरबी भरली, नवी लोकर आली, की तो पुन्हा ओझ्याला तयार. नुब्रातलं पर्यटन हे चक्र उलटं फिरवतं. गर्दी जून ते ऑगस्टची, म्हणजे जनावराच्या विश्रांतीचीच. सीबकथॉर्नची काटेरी झुडपं हा तिथला त्याचा मुख्य चारा, पण फेऱ्या मारणाऱ्या उंटाला चरायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथे गेलात तर बसण्याआधी दोन गोष्टी बघा. खोगिराखालची कातडी ओली, लाल किंवा सोललेली आहे का, आणि दोन्ही वशिंडं पार रिकामी होऊन लोंबताहेत का. तसं असेल तर पैसे देऊन नुसता फोटो काढा, आणि मालकाला ह्या जनावराला सुट्टी द्यायला सांगा. तो ऐकतो, कारण जखमी उंट पुढच्या मोसमात त्याच्याही कामाचा राहत नाही.